चौदा चेंडू, एकतीस धावा

नवी पेठेत हत्तुऱ्यांच्या काउंटरवर दोन खोकी.
एक पांढरं, एक तसंच पांढरं, पण पोट जरा सुटलेलं.
सुटलेल्या पोटात चकती जाते.
सडपातळाला तोंडच नाही,
त्याला सगळं वायफायनं भरवायचं.
फरक पाच हजारांचा.

श्रीनिवासनं हैदराबादहून पैसे पाठवलेत भाच्यासाठी,
आणि निरोप: अक्का, नीट बघून घे.
म्हणून मी नीट बघतेय.

खोक्यावर आठशे पंचवीस जीबी.
"हातात सहाशे सदुसष्ट येतंय, मॅडम," मल्लिकार्जुन हत्तुरे म्हणाला,
"बाकीचं मशीन स्वतःच खातंय."
नायना सकाळपासून पहिल्यांदा हसले.
साठ बाय नव्वदची चादर पहिल्या धुण्यात किती आटते
हे त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलंय,
तेही विचारल्यावरच.
एक खेळ दीडशे जीबी.
म्हणजे चार आत, पाचवा दारात.

निहालचं बोट मागच्या भोकावर:
"एचडीएमआय टू पॉइंट वन ना? एकशेवीस फ्रेम?"
आपल्या टीव्हीला साठच्या वर दिसत नाही
हे मी दुकानात बोलले नाही.

मग नायनांनी मला तेलुगूत विचारलं,
मी हत्तुऱ्याला मराठीत,
हत्तुऱ्यानं आतल्या पोराला कानडीत,
आणि उत्तर त्याच वाटेनं परत आलं:
जुनी चकती चालते. एक पिढी मागची.
त्याच्या मागची?
"न्हाई ओ काका. एकच पिढी."

नायना गप्प.
अशोक चौकात ते जकार्डचे पुठ्ठे ठोकायचे,
भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली,
एका मोराला बाराशे पुठ्ठे.
कारखान्यात कॉम्प्युटरचा माग आला
आणि मोर पोत्यात बसून घरी आला.
आईनं त्याला बंबात घातला, शेपटीपासून,
रोज चार पुठ्ठे.
बरेच महिने गरम पाणी मिळालं.

मी तोंडवालं घेतलं.
का, ते हिशेबात बसत नाही,
कारण आमच्याकडे मधल्या पिढीची एकही चकती नाही.
आमच्याकडे आहे ते त्याच्याही मागचं:
काळं, जाड, सेकंडहँड,
तीन रंगांची वायर, पिवळीत चित्र, लाल-पांढऱ्यात आवाज,
पिवळीखाली काडेपेटीची काडी खोचली नाही
तर मैदान जांभळं दिसतं.
आणि आठ एमबीचं कार्ड.
आठ. जीबी नाही.

रात्री निहालचं नवं मशीन अपडेट उतरवत बसलं, बावीस टक्के, बावीस टक्के,
तेव्हा मी आतल्या खोलीत काडी खोचली.
कार्डात एकच सामना होता.
चौदा चेंडू, एकतीस धावा, दोन विकेट शिल्लक.
श्रीनिवासची साडेनऊची गाडी होती त्या रात्री,
"आल्यावर संपवतो" म्हणून जपून ठेवलेला.
मी त्याला फोन लावला.
"कुठला सामना?" तो म्हणाला.
मागे त्याच्या मुलीचा आवाज, कुकरची शिट्टी.
"काही नाही. मशीन घेतलं. तोंडवालं."

तेवढ्यात निहाल येऊन शेजारी बसला होता.
"हे काय, एवढं चौकोनी चौकोनी?"
रिमोट हातात घेतला.
पहिला चेंडू सोडला. दुसऱ्यावर चार.
तिसऱ्यावर त्रिफळा, पुढच्यावर झेल,
अठरा वर्षं थांबलेला सामना
दीड मिनिटात, तेवीस धावा... नाही, सत्तावीस धावा कमी पडून संपला.
"बस्स?" तो म्हणाला.

पडद्यावर विचारणा आली:
जुन्यावर लिहू का?
हो. नाही.
नायना दारात उभे होते, चष्मा कपाळावर,
त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण विचारलेलं कळतं.
मी त्यांच्याकडे बघेपर्यंत
निहालनं हो दाबलंसुद्धा.

आठ एमबीचं एवढंसं कार्ड,
लिहायला किती वेळ लावतंय.
लिहिणं चालू आहे, म्हणतंय,
कार्ड काढू नका.